पक्का नंबर

गल्लीतले सगळे त्याला इंजिनियर म्हणत. तो इंजिनियर नव्हता. एक डिप्लोमा त्याने अर्ध्यावर सोडला होता आणि बाकीचं सगळं शिडीवर उभं राहून, भिंतींना भोकं पाडत शिकला होता. पण लोकांनी आपण होऊन पदवी दिली, तर ती परत करण्याइतका तो खुळा नव्हता. दुकान एका लाँड्रीच्या आणि एका चष्मेवाल्याच्या मध्ये कोंबलेलं. आत कॅमेरे, राउटर, वायरींची भेंडोळी आणि काउंटरवर एक कॉम्प्युटर. राउटरला त्याने चांगली दणकट बॅटरी लावून ठेवली होती. सगळ्या रस्त्याची वीज गेली तरी त्याच्या राउटरचे दिवे लुकलुकत असायचे. तीन वर्षांत तो राउटर एकदाही बंद पडला नव्हता आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

स्टॅटिक आयपी म्हणजे काय आणि तो कधी लागतो, हे त्याच्याइतकं सोपं करून सांगणारा माणूस त्या भागात दुसरा नव्हता, हे मात्र कबूल करायला हवं. दाताचे डॉक्टर आले, त्यांना घरी बसून दवाखान्यातले कॅमेरे बघायचे होते. इंजिनियरने त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, की इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो. साध्या जोडणीचा नंबर कंपनी आपल्या मर्जीने देते. आज एक, उद्या राउटर बंद करून चालू केला की दुसरा, आणि तुमचा सुटलेला नंबर तिसऱ्याच कुणाच्या गळ्यात. तुम्ही नुसते सिनेमे बघणार, बातम्या वाचणार, पत्रं पाठवणार, तर नंबर रोज बदलला म्हणून तुमचं काय बिघडतं? तुम्ही बाहेर जाताय, तुमच्याकडे कुणी येत नाहीये. पण बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचायचं असेल, तर नंबर बदलून चालत नाही. मग कंपनीला अर्ज करायचा, महिन्याला थोडं जास्त भरायचं आणि पक्का नंबर घ्यायचा. तोच स्टॅटिक.

"शोधणाऱ्याला पक्का नंबर लागत नाही, डॉक्टर," तो शेवटी म्हणे. "जो सापडायला हवा, त्याला लागतो."

हे वाक्य त्याचं नव्हतं, आईचं होतं. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात प्लग. कुणाचा नंबर बदलला की जुन्या नंबरावर येणारे फोन आंधळ्यासारखे धडकत राहतात, हे तिला ठाऊक होतं. नंबर बदलणाऱ्याने आधी एक्स्चेंजला कळवायचं असतं, मग घर बदलायचं असतं, हे तिचं म्हणणं. मुलगा इंटरनेटचं काम करायला लागला तेव्हा तिने एक दिवस त्याच्याकडून सगळं समजावून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे आमचंच काम, फक्त बाई काढून टाकली.

आता आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तीन खोल्यांच्या जागेत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. ती जागा तिची होती म्हणजे भाड्याची होती, पण चाळीस वर्षं एकाच दाराची कडी आपल्या हाताने काढणाऱ्या बाईला भाडं आणि मालकी यांतला फरक कोण सांगणार? पुढच्या खोलीत रेडिओ, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या बोळात निवृत्त होताना एक्स्चेंजने दिलेलं मोठं भिंतीवरचं घड्याळ. ते मिनिटभरही मागेपुढे झालेलं तिला खपत नसे.

वर्षापूर्वी तिला जिन्यात चक्कर आली आणि घरात वादाला तोंड फुटलं. ताई, म्हणजे इंजिनियरची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका. पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पुढे काय होतं, ते ती रोज डोळ्यांनी बघत होती. ती म्हणाली, आई माझ्याकडे येईल. आई म्हणाली, मेले तरी येणार नाही. ताईचं घर काही वाईट नव्हतं. मागच्या बाजूची एक खोली होती, उजेड बेताचा. पण तिथे कधी उठायचं, किती चालायचं, काय खायचं आणि रेडिओ केवढ्याने लावायचा हे सगळं ताई ठरवणार, आणि प्रेमाने ठरवणार. त्या प्रेमाची आईला धडकी भरली होती.

तेव्हा इंजिनियर मध्ये पडला. त्याने एक बटण केलं. आईच्या गळ्यात दोरीने अडकवायचं, बोराएवढं. दाबलं की पुढच्या खोलीतल्या फळीवरच्या डबीला कळायचं, डबी इंटरनेटवरून दुकानातल्या कॉम्प्युटरला गाठायची, तिथे घंटा वाजायची आणि त्याचा मोबाइलही ओरडायचा. पोचलं की डबीवर हिरवा दिवा, नाही पोचलं तर लाल. ताईने ते बटण उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिच्या पद्धतीने एका वाक्यात निकाल दिला.

"ठीक आहे. पण ज्या दिवशी ती पडेल आणि हे दाबायला विसरेल, त्या दिवशी मी तिला घेऊन जाणार. मग तू मध्ये बोलायचं नाहीस."

"बोलणार नाही," तो म्हणाला.

"आणि मीही बोलणार नाही," आई म्हणाली. सौदा झाला.

आता इथे डबीने कुणाला शोधायचं होतं? दुकानाला. म्हणजे पक्का नंबर कुठे हवा? दुकानात. हे दाताच्या डॉक्टरांना जो माणूस स्टुलावर बसवून सांगतो, त्याला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याने अर्जाचा कागदही आणला होता. पण त्या आठवड्यात काम होतं, पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त होतं, आणि दुकानाचा नंबर तर दोन वर्षांत हलला नव्हता. राउटर बंदच पडत नाही, तर नंबर बदलेल कशाला? त्याने तात्पुरता तोच नंबर डबीत घातला. तात्पुरत्या गोष्टीइतकी टिकाऊ गोष्ट जगात दुसरी नाही. अर्जाचा कागद ड्रॉवरमध्ये स्क्रूच्या डब्याखाली गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सुरुवातीला आई रोज सकाळी नऊ वाजता एकदा बटण दाबायची. लाइन तपासायला. एक्स्चेंजमध्ये पाळी सुरू झाली की आधी सगळ्या लाइनी तपासायच्या, मग पहिला फोन घ्यायचा, ही तिची सवय. इकडे दुकानात नऊ वाजता घंटा वाजायची, मोबाइल ओरडायचा, गिऱ्हाईक दचकायचं आणि याला प्रत्येकाला खुलासा करावा लागायचा. आठ-नऊ महिने त्याने सोसलं आणि मग एका सकाळी तो वैतागून तिला फोनवर म्हणाला, की रोज दाबू नकोस, चालतंय ते, गरज पडेल तेव्हाच दाब.

"अरे, गरज पडते त्या दिवशी तपासायला वेळ नसतो," आई म्हणाली. पण तिने सोडलं. मुलाच्या धंद्यात लुडबुड नको.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, एका शनिवारी, इंजिनियरने दुकानात नवा राउटर बसवला. चांगला, दुप्पट वेगाचा. आदल्या दिवशी आईलाही कौतुकाने सांगितलं होतं. तीन वर्षं न थांबलेला जुना राउटर त्याने स्वतःच्या हाताने बंद केला, नवा लावला, कंपनीने नवा नंबर दिला, सगळं झकास सुरू झालं. नंबर बदलला हे त्याने पडद्यावर पाहिलंसुद्धा. पाहिलं आणि मनात म्हणाला, दुकानाला काय फरक पडतो, दुकान तर नुसतं बाहेर जातं.

मंगळवारी चारच्या सुमाराला आईच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा फोन आला. आई सकाळी ब्लाउज न्यायला येणार होती, आली नाही. दुपार टळली तसा तो वर गेला, दार वाजवलं, आतून बारीक आवाज आला. त्याच्याकडे एक किल्ली असायची.

इंजिनियर पोचला तेव्हा आई बोळात, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी एका कुशीवर पडलेली होती. शिंप्याने तिच्या डोक्याखाली कापडाचा गठ्ठा ठेवला होता. तोंड कोरडं पडलेलं, एक पाय भलत्याच दिशेला. गळ्यातलं बटण तिने मुठीत धरलेलं होतं. तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला म्हणून तो पुढच्या खोलीत गेला आणि तिथल्या फळीकडे त्याची नजर गेली. डबीवर लाल दिवा होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळ ताईचंच, त्यामुळे सगळं पटापट झालं. ताईने आईचा हात हातात घेऊन सलाईन लावलं, डॉक्टरांशी बोलली, आणि मग व्हरांड्यात येऊन भावासमोर उभी राहिली. घंटा वाजली होती का, तिने विचारलं. नाही वाजली, तो म्हणाला, आणि हे खरं होतं. मग यंत्र बिघडलं, की तिने दाबलंच नाही? बघून सांगतो, तो म्हणाला.

तो परत आईच्या जागेत गेला. लॅपटॉप डबीला जोडला. डबी प्रत्येक दाबल्याची नोंद ठेवायची, वेळेसकट. ही सोय त्यानेच मोठ्या हौसेने केली होती. पडद्यावर ओळी येत गेल्या. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, तीनदा. उत्तर नाही. दहा पंचवीस, तीनदा. उत्तर नाही. साडेदहा, तीनदा. तिला बोळातलं घड्याळ दिसत होतं. एक्स्चेंजचा नियम होता तो: तीनदा रिंग द्यायची, उचललं नाही तर पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा तीनदा. मोडलेल्या हाडावर पडून, लादीवर गाल टेकून, ती पाच-पाच मिनिटांनी आपली पाळी करत होती. एकला पाच कमी असताना ओळी थांबल्या होत्या. ग्लानी आली असणार. दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा तीनदा, पुन्हा घड्याळाच्या काट्यावर. शेवटची ओळ तीन पन्नासची. त्याने मोजल्या. एकशे एकोणसाठ.

आणि प्रत्येक हाक शनिवारी सुटलेल्या जुन्या नंबराकडे गेली होती. तो नंबर आता कुणाकडे असेल कोण जाणे. कुणाच्या तरी घरातल्या राउटरने एकशे एकोणसाठ वेळा दार उघडलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की इथे एक म्हातारी येणार आहे.

तो तिथे खुर्चीवर बसला आणि हमसून हमसून रडला. हे सांगायला हवं, कारण पुढे त्याने जे केलं ते ऐकून माणसाला वाटेल की याला काळीज नव्हतं. काळीज होतं. इस्पितळात परत जाताना वाटभर तो मनात वाक्य जुळवत होता: ताई, माझी चूक आहे, नंबर बदलला होता, तिने दाबलं होतं. एवढंच तर वाक्य.

पण वॉर्डात ताई एकटी नव्हती. तिच्या हाताखालच्या दोन परिचारिका पलंगाशी उभ्या होत्या. दोघींनीही आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांसाठी अशीच बटणं याच्याकडे सांगितली होती, ताईच्या शब्दावर. आई जागी होती. आणि ताईने सगळ्यांसमोर, बायका भाजीवाल्याला विचारतात तशा सुरात विचारलं, की काय निघालं, तुझं खेळणं बंद पडलं ना?

खेळणं हा शब्द त्याला झोंबला. एवढंच. माणूस मोठ्या मोहाला बळी पडला तर त्याची गोष्ट तरी बरी होते, हा एका शब्दाला बळी पडला.

"डबी ठीक आहे," तो म्हणाला. "दाबल्याची नोंद नाही."

परिचारिकांपैकी एकीने च्‌ केलं. ताईचा चेहरा मात्र उतरला. वाद जिंकल्याचा आनंद त्यात औषधालाही नव्हता.

"दाबलं होतं रे मी," आई म्हणाली. आवाज खोल गेलेला, पण स्पष्ट. "तीनदा, दर पाच मिनिटांनी. मध्ये तासभर डोळा लागला, मग पुन्हा."

ताईने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, की असं होतं, आई, खूप दुखत असलं की आपण केलं असं वाटतं. पण आई ताईकडे बघतच नव्हती. ती मुलाकडे बघत होती, बोर्डावरच्या एखाद्या बंद पडलेल्या लाइनीकडे बघावं तशी, रागाने नाही, नुसती दोष शोधत.

"शनिवारी तू दुकानात नवीन काहीतरी लावणार होतास," ती म्हणाली. "नंबर बदलला का रे?"

सगळ्या जगात एकाच माणसाला हा प्रश्न सुचू शकत होता आणि तो माणूस पलंगावर पडून हा प्रश्न विचारत होता. त्यात आरोप नव्हता. तो हो म्हणाला असता तर ती म्हणाली असती, मग कळवायचं ना एक्स्चेंजला, आणि कूस बदलून झोपली असती. त्याला हे तेव्हाही माहीत होतं.

"नाही, आई. नंबर तोच आहे."

आईने छताकडे नजर वळवली. "असं," ती म्हणाली. "मग मी दाबलं नसणार."

मुलावरचा विश्वास आणि स्वतःवरचा विश्वास, यांतला एक टाकायचा होता. तिने स्वतःवरचा टाकला. आयांना असले हिशेब पटकन जमतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या इंजिनियरने ड्रॉवरमधला अर्ज काढला आणि पक्क्या नंबरासाठी भरून दिला. बैल गेला आणि झोपा केला. 'कशासाठी हवा' या रकान्यात त्याने 'व्यवसाय' असं लिहिलं. तीन दिवसांत स्टॅटिक नंबर मिळाला. तो त्याने डबीत घातला आणि जुन्या नोंदी पुसल्या. एकशे एकोणसाठ ओळी पुसायला एकदाच बोट लावावं लागलं.

त्या रविवारी ताई आईचे कपडे न्यायला जागेत आली. भावालाही बोलावलं होतं. ती स्वभावाने न्यायी बाई, एकदा खात्री करून घ्यावी म्हणून तिने खुंटीवरचं बटण घेतलं आणि स्वतः दाबलं. डबीवर हिरवा दिवा लागला, त्याच्या खिशात मोबाइल ओरडला. ताईने मान हलवली. तेवढ्यात शिंपी पिशव्या उचलायला वर आला होता, तो डबीकडे बघून म्हणाला, की त्या दिवशी तर हा दिवा लाल होता.

"तो वीज चालू असल्याचा," इंजिनियर म्हणाला. "दोन दिवे असतात त्यात."

शिंपी ओशाळला. आपल्याला त्यातलं काय कळतं, असं काहीतरी पुटपुटला आणि पिशव्या घेऊन खाली गेला. पहिलं खोटं बोलताना इंजिनियरची जीभ जड झाली होती. या वेळी ती लोण्यासारखी चालली आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पण किळस येऊन काय उपयोग? ती तोंडाबाहेर थोडीच येते.

त्यानंतर सांगायच्या संधी काय कमी आल्या? ताईने घरमालकाला कळवलं त्या दिवशी आली. रेडिओ कुणाला द्यायचा यावर बोलणं झालं त्या दिवशी आली. आई काठी घेऊन पहिल्यांदा चार पावलं चालली आणि म्हणाली, आता मी घरी जाऊन राहू शकेन, त्या दिवशी तर संधी दारात येऊन बसली होती. ताई आईला समजावत होती, की प्रश्न पायाचा नाही, डोक्याचा आहे, विसरण्याची सुरुवात अशीच होते, मी रोज बघते. आईने याच्याकडे पाहिलं. सौद्यात तो बोलणार नव्हता. तो बोलला नाही. दिलेला शब्द पाळण्याची त्याला एवढी हौस त्याआधी कधी नव्हती.

जागा सुटली. घड्याळ ताईच्या घरच्या मागच्या खोलीत मावेना, भिंत लहान पडली, म्हणून ते इंजिनियरने दुकानात नेलं.

आईचं वागणं मात्र बदलत गेलं. ती वही घेऊन बसायला लागली. गोळी घेतली, लिहायचं. नळ बंद केला, लिहायचं. ताईने कौतुकाने भावाला सांगितलं, की बघ किती शहाणी आहे, स्वतःचं स्वतः ओळखलंय. भेटायला येणाऱ्यांना आई आपण होऊन सांगायची, की माझ्या बोलण्यावर जाऊ नका हो, मला वाटतं मी केलंय, पण केलेलं नसतं. एकतीस वर्षांत एकही फोन चुकीचा न जोडलेली बाई हे हसत हसत सांगायची आणि इंजिनियर तिथे असला तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग तो लवकर उठायचा. काम आहे म्हणायचा.

शेवटी त्याने ताईकडेही डबी बसवली. ताई दिवसभर इस्पितळात, तेव्हा आई एकटीच, त्यामुळे तिनेही हरकत घेतली नाही. आईने बटण गळ्यात अडकवून घेतलं. दाबायचं लक्षात राहील का माझ्या, तिने विचारलं.

"तू रोज नऊ वाजता दाबत जा," तो म्हणाला. "पूर्वीसारखं. लाइन तपासायला."

"तूच नको म्हणाला होतास."

"आता हो म्हणतो."

तेव्हापासून रोजचं हे असं आहे. दुकानात भिंतीवर एक्स्चेंजचं घड्याळ आहे, अचूक. नऊला दोन मिनिटं असताना इंजिनियर हातातलं काम ठेवतो. गिऱ्हाईक असलं तर त्याला थांबवतो. नऊ वाजले की घंटा वाजते, मोबाइल ओरडतो, एक दिवसही चुकत नाही. नंबर पक्का आहे, तो आता कधी बदलायचा नाही.

आणि लगेच मागोमाग फोन येतो.

"अरे, आत्ता मी दाबलं का?"

"हो आई. दाबलंस."

"खरंच ना? की मला नुसतं वाटलं?"

"खरंच दाबलंस."

"थांब हं, लिहून ठेवते." पेन्सिलीचा आवाज येतो. मग फोन तोंडापासून थोडा लांब जातो, ताई इस्पितळात जायला निघालेली असते, तिला ती ओरडून सांगते, आवाजात शाबासकी मागणाऱ्या पोरीसारखा आनंद असतो:

"अगं, आजसुद्धा नाही विसरले मी. विचार हवं तर त्याला."